अंबाड्याचं अंदाजपत्रक

भाचीच्या लग्नानंतर चार दिवसांनी पार्लरचं बिल आलं. त्यात एक ओळ होती : 'पिना, स्टफिंग व स्प्रे – ८५०'. पंधरा हजारांच्या पॅकेजमध्ये अंबाडा धरलेला होता. अंबाडा ज्यांच्या जिवावर उभा राहतो त्या वस्तू मात्र धरलेल्या नव्हत्या. बहीण म्हणाली, "जाऊ दे गं, लग्नात साडेआठशेचं काय एवढं?" मी गप्प बसले. पण खर्चाची वही माझ्याकडे होती, आणि फक्त केसांच्या पानावर अशा 'जाऊ दे गं'ची बेरीज साडेसहा हजारांवर गेलेली मला दिसत होती.

ज्यांच्या घरी येत्या हंगामात कार्य आहे आणि मुलीच्या मोबाइलमध्ये अंबाड्यांचे दोनशे फोटो साठले आहेत, त्यांच्यासाठी हे टिपण. आकडे पुण्यातले आणि साधारण आहेत. मुंबईत ते चढे लागतील, सातारा-सांगलीकडे बरेच उतरतील. आकड्यांपेक्षा कुठे काय विचारायचं ते महत्त्वाचं, कारण हा खर्च अंबाड्याच्या नक्षीवर ठरत नाही. तो किती तास टिकायला हवा आणि त्या तासांत डोक्यावरून काय काय जाणार आहे, यावर ठरतो.

आधी विधी, मग फोटो

फोटोतली नवरी बसलेली असते. आपली मुलगी सकाळी गौरीहरापाशी बसणार, अंतरपाटामागे उभी राहणार, डोक्यावर अक्षतांचा मारा झेलणार, होमापुढे वाकणार, सप्तपदी चालणार, वडीलधाऱ्यांच्या पायाशी पन्नासदा तरी वाकणार. पार्लरवाल्या ताईंना फोटो दाखवण्याआधी हा क्रम सांगा.

सगळ्यात पहिली अडचण हाराची. हार डोक्यावरून खाली येतो. टाळूपाशी बांधलेला उंच अंबाडा फोटोत मान लांब दाखवतो खरा, पण हार त्याच्यात अडकतो आणि मग मामा, करवली आणि छायाचित्रकार असे तिघे मिळून तो सोडवतात. दुसरी अडचण मुंडावळ्यांची. त्यांची दोरी कपाळावरून मागे जाऊन जिथे गाठ बसते, नेमक्या त्याच उंचीवर अंबाडा असेल तर गाठ धड वर बसत नाही, धड खाली. तिसरी मंगळसूत्राची. अंबाडा अगदी मानेवर लोळत असेल आणि त्याखाली गजरा लोंबत असेल, तर नवऱ्या मुलाला फासा लावायला जागाच सापडत नाही, आणि गुरुजी मंत्र थांबवून वाट बघत बसतात. म्हणून मानेवरच्या केसांच्या रेषेपासून दोन बोटं वर, मुंडावळ्यांच्या गाठीच्या खाली, ही जागा सोयीची. आपल्याकडचा चंद्रकोरीसारखा खोपा बरोबर तिथेच बसतो. आपल्या आज्यांनी ती जागा उगाच निवडली नसणार.

बिंदी-बिजवराही हवा आणि मुंडावळ्याही हव्यात, असं पुष्कळ मुली म्हणतात. कपाळ एवढंसं. मुंडावळ्या हलल्या की बिजवऱ्याची साखळी ओढली जाते. विधीला मुंडावळ्या, संध्याकाळी बिंदी, अशी वाटणी केली तर दोन्हींचं चीज होतं आणि एक दागिना अर्धाच दिवस भाड्याने घेतला तरी भागतं.

आणि होम. हेअर स्प्रे ओला असताना पेट घेतो. कृत्रिम धाग्याचं गंगावन वितळतं, आणि ते कातडीला चिकटतं. लाजाहोमाच्या पाच मिनिटं आधी धावत येऊन 'थोडा टच-अप' म्हणून स्प्रे मारणाऱ्या मदतनीस मुलीला तिथल्या तिथे थांबवा.

बुकिंग करताना

नुसती केशरचना, म्हणजे मेकअप आणि साडी सोडून, पेठेतल्या किंवा उपनगरातल्या चांगल्या पार्लरमध्ये दीड ते तीन हजारांत होते. मेकअप, केस आणि साडी नेसवणं मिळून आठ ते पंधरा हजार. नाव झालेल्या मेकअप आर्टिस्ट वीस हजारांपासून पुढे कितीही घेतात, आणि त्यांच्याकडे केस बहुतेक वेळा त्या स्वतः करत नाहीत. त्यांची मदतनीस करते. यात गैर काही नाही. पण मग ट्रायलही त्याच मदतनीस मुलीच्या हातून घ्या. अंबाडा हाताचा असतो, नावाचा नव्हे.

ट्रायलचे पाचशे ते दोन हजार घेतात. काही ठिकाणी ते पुढे मूळ रकमेत वळते करतात, काही ठिकाणी नाही. हे आधी विचारून घ्या. ट्रायल वाचवावी असा मोह होतो, पण सबंध खर्चातला हाच पैसा मी कधी कापणार नाही. एक पथ्य मात्र आहे. ट्रायलला आरशात बघून 'छान झालंय' म्हणत लगेच केस मोकळे करू नका. तसाच अंबाडा घेऊन घरी या, स्वयंपाक करा, दुपारी आडवं व्हा, संध्याकाळी बघा. भाचीच्या पहिल्या ट्रायलचा अंबाडा सकाळी अकराला सुंदर होता आणि चारला उजवीकडे कलला होता. आतली पोनी सैल बांधली होती, दुसरं काही नाही. दुसऱ्या वेळी ताईंनी आधी घट्ट पोनी, मग क्रिंपिंग, मग स्पंजाचा डोनट अशी चढण केली, आणि तो रात्रीपर्यंत जागचा हलला नाही.

केस आदल्या दिवशी धुवावेत, त्याच दिवशी नव्हे. नुकते धुतलेले केस निसरडे असतात, पिना धरत नाहीत. हळदीचं तेल मात्र नीट निघालं पाहिजे, म्हणून हळद आदल्या संध्याकाळी असेल तर केस प्लास्टिकच्या टोपीत झाकून घ्या. ती टोपी पाच रुपयांना मिळते.

आता पॅकेजमध्ये काय धरलंय हे विचारायची पद्धत. 'सगळं आहे ना?' असं विचारलं की उत्तर नेहमी 'हो काकू' असंच येतं. म्हणून एकेक वस्तू घेऊन विचारा. पिना, जाळी, डोनट, स्प्रे तुमचा की आमचा? गंगावन लागलं तर त्याचं भाडं की विकत? फुलं तुम्ही आणणार की आम्ही? आणलेली फुलं लावायचे वेगळे पैसे आहेत का? (हे मला थट्टा वाटायचं, दोनशे रुपये लागले.) पहाटे सहाच्या आत यायचा अधिभार किती? कार्यालयापर्यंतचा रिक्षाखर्च कुणाचा? करवल्यांच्या केसांचे प्रत्येकी किती? हे पाचशेपासून दीड हजारापर्यंत जातात, आणि ऐन वेळी आठ जणी रांगेत उभ्या राहतात. उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागा. आगाऊ रक्कम पाव ते निम्मी असते. तारीख बदलली तर तिचं काय होणार, हेही त्याच संदेशात येऊ द्या.

कराची एक गोष्ट. पार्लरच्या सेवेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पंधरा हजारांवर आधी २,७०० लागायचे, आता ७५०. काही ठिकाणी जुनी छापील दरपत्रकं अजून भिंतीवर आहेत. आणि ज्या ताईंची जीएसटी नोंदणीच नाही, त्यांना हा कर लावताच येत नाही. बिलावर पंधरा अंकाक्षरांचा नोंदणी क्रमांक दिसला तरच तो भरा.

संध्याकाळच्या स्वागत समारंभाला वेगळी केशरचना हवी असेल तर तीन ते सहा हजार आणखी. मला यात नेहमी पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. दिवसभर क्रिंप केलेले, स्प्रेने ताठरलेले केस सोडवून, पुन्हा विंचरून दुसरी रचना करताना मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यापेक्षा आतला पाया तोच ठेवून बाहेरचं सजवणं बदला : मोगऱ्याची जाळी काढा, गुलाब आणि जिप्सो लावा, पुढच्या दोन बटा मोकळ्या करा. हे काम हजार-दीड हजारात आणि पाऊण तासात होतं.

गंगावन

हल्लीच्या मुली याला एक्स्टेन्शन म्हणतात, पण दुकानात 'गंगावन' म्हटलं की जुना दुकानदार खूश होतो. कृत्रिम धाग्याचं दीडशे ते पाचशेत येतं. खऱ्या केसांचं तीन हजारांपासून पुढे लांबी आणि वजनाप्रमाणे. तिरुपतीला भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं, हे बहुतेकांना माहीत आहे. त्यामुळे 'तिरुपतीचे केस' हा शब्द विक्रेते सर्रास वापरतात. शब्दावर जाऊ नका. एक केस काढून जाळून बघायला मागा. खरा केस जळका वास देऊन राख होतो, कृत्रिम धागा वितळून त्याचा मणी होतो.

अंबाड्याच्या आत भर घालायला कृत्रिम गंगावन पुरतं, कारण ते दिसतच नाही. बाहेरून शेपटा किंवा पाचपेडी वेणी दिसणार असेल तरच खऱ्याचा विचार करा, आणि तेही भाड्याने. रंग दिवसाच्या उजेडात जुळवा. पार्लरच्या पिवळ्या दिव्यांत काळा आणि तपकिरी सारखेच दिसतात. कार्यालयाच्या अंगणात ते वेगळे होतात.

फुलं

इथे पैसा कमी आणि आनंद जास्त, म्हणून जरा थांबते.

मुहूर्त कुठल्या महिन्यात आहे ते पाहा आणि मग फूल निवडा. उलट केलंत तर दुप्पट पैसे मोजाल. मोगरा उन्हाळ्याचा. मार्चअखेरीपासून तो भरभरून येतो, आणि एप्रिल-मेच्या लग्नात अख्खा अंबाडा मोगऱ्याने झाकला तरी खिसा कुरकुरत नाही. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या थंडीतल्या मुहूर्तांना मोगरा कमी आणि महाग. तेव्हा कुंद आणि कागडा आपले. कुंदाला सुगंध बेताचा, पण पांढरेपणा आणि रेखीवपणा मोगऱ्यापेक्षा काकणभर जास्तच. लांबून फोटोत फरक कुणाला कळत नाही.

अबोलीला वास नाही, पण ती लवकर कोमेजत नाही. सकाळच्या गौरीहरापासून संध्याकाळच्या पाठवणीपर्यंत तग धरणारं फूल हवं असेल तर अबोलीची वेणी. गोव्यात नवरीच्या अंबाड्यावर अबोली असतेच. मडगाव-म्हापशाच्या बाजारात विणलेल्या अबोलीच्या माळा टोपलीत ओलसर ठेवलेल्या दिसतात. पिवळ्या अष्टपुत्रीवर आणि हिरव्या शालूवर तो केशरी रंग जसा उठतो, तसा पांढरा गजरा उठत नाही, हे माझं मत. सोनचाफा दोन-तीनच लावावा, आणि तोही शेवटी. हात लागला की काळा पडतो.

गुलाब आणि जिप्सो हा हल्लीचा थाट. पुण्याला गुलाब जवळच्या मावळातल्या पॉलिहाउसमधून येतो, त्यामुळे एरवी स्वस्त. पण फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लग्न असेल तर गुलाबाचा नाद सोडा. व्हॅलेंटाइनच्या निर्यातीमुळे त्या दिवसांत भाव कडाडलेले असतात, आणि तुमच्या अंबाड्याची स्पर्धा परदेशातल्या प्रेमिकांशी असते.

एरवी वीस-तीस रुपयांना मिळणारा गजरा मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी पन्नास-साठच्या खाली येत नाही. अंबाड्याभोवती गुंडाळायला चार ते सहा गजरे लागतात. अख्खा अंबाडा झाकणारी फुलांची जाळी ऑर्डरने चारशे ते बाराशेत विणून मिळते. तिच्यासाठी अंबाड्याचा घेर मोजून द्यावा लागतो, म्हणून ट्रायलच्या दिवशी दोरीने माप घेऊन ठेवा. घरात गजरे ओवणाऱ्या दोघी जणी असतील तर पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून किंवा मुंबईत दादरच्या फुलबाजारातून पहाटे सुटी फुलं आणा. करवल्यांसकट सगळ्यांचे गजरे निम्म्या पैशांत होतात. सात-आठ जणींसाठीच हे परवडतं. एकीसाठी पहाटे चारला उठणं ही हौस झाली, काटकसर नव्हे.

मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते. सकाळच्या मुहूर्ताला मिटलेल्या कळ्यांचा गजरा घट्ट आणि नीटस दिसतो. तोच सातच्या समारंभात उमलून दरवळतो. म्हणजे एक गजरा दोन्ही वेळी कामाला येतो, जर तो स्प्रेच्या तडाख्यातून वाचला तर. स्प्रेने पाकळ्या तपकिरी पडतात. आधी स्प्रे, तो वाळू द्यायचा, मग फुलं, हा क्रम पार्लरमध्ये डोळ्यांत तेल घालून पाहावा. बाकीचे गजरे केळीच्या पानात किंवा ओल्या पातळ फडक्यात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले की घामेजून काळे पडतात.

एक कापडी गजरा, शंभर ते तीनशे रुपयांचा, पिशवीत असू द्या. फूलवाला मुहूर्तावर आला नाही तर तोच देव.

दागिने : सोनं, भाडं आणि तुळशीबाग

अंबाड्याचं फूल, अग्रफूल, मूद, राखडी, केवडा, नाग, शेपट्याच्या टोकाला गोंडे : केसांच्या दागिन्यांची आपली यादी मोठी आहे. आजीच्या डब्यात यातलं काही निघालं तर लग्नाआधी महिनाभर सोनाराकडे नेऊन मागचा काटा तपासून घ्या. जुन्या फुलांचा काटा वाकलेला असतो, आणि आजीच्या दाट केसांत जे फूल घट्ट बसायचं ते नातीच्या केसांत खाली ओघळतं. मागे छोटी कंगवी जोडून घ्यायला फार पैसे पडत नाहीत.

नवीन सोन्याचं फूल घ्यायचं असेल तर हिशेब असा. ८ ग्रॅमचं फूल, आणि बावीस कॅरेटचा दर हिशेबाच्या सोयीसाठी ग्रॅमला १०,००० धरू. त्या दिवसाचा खरा दर वर्तमानपत्रात पाहून घाला. सोनं ८०,०००. घडणावळ १४ टक्के म्हणजे ११,२००. दोन्ही मिळून ९१,२०० वर ३ टक्के जीएसटी, २,७३६. हॉलमार्किंगचे नगामागे ४५ आणि त्यावर कर, म्हणजे ५३ रुपये १० पैसे. एकूण ९३,९८९. यात सौदा करण्यासारखी गोष्ट एकच, घडणावळ. बारीक नक्षीच्या फुलांना ती २० टक्क्यांच्याही वर सांगतात. फुलात खडे किंवा मोती असतील तर त्यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, हे वजनकाट्यावर उभं राहून विचारा. दोन ग्रॅमच्या वरच्या दागिन्यावर सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक असलाच पाहिजे, आणि तो बीआयएस केअर या ॲपवर दुकानातच टाकून बघता येतो. बघितलात म्हणून सराफ रागावत नाही. रागावला तर दुकान बदला.

माझं विचाराल तर सोन्याचं फूल हा अंबाड्याचा खर्च नाहीच, ती गुंतवणूक किंवा हौस आहे. तिचं पान वहीत वेगळं ठेवा. अंबाड्यासाठी तुळशीबागेत सोनेरी मुलाम्याचं फूल तीनशे ते बाराशेत मिळतं. घेताना उलटं करून बघा. मागचा काटा डागलेला हवा, चिकटवलेला नको. भाड्याने तेच दोनशे ते पाचशेत, वर अनामत. अनामत देताना दागिन्याचा मागून-पुढून फोटो काढा आणि त्यांच्यासमोर काढा. आधीच तुटलेला एक मोती आमच्या माथी आला असता; फोटोने वाचवलं.

मुंडावळ्या मोत्यांच्या शंभरापासून पाचशेपर्यंत. लोंबत्या सरांची लांबी मुलीच्या चेहऱ्यावर धरून बघा, हनुवटीखाली गेल्या की जेवताना वाटीत बुडतात.

दोन वह्या

पहिली, साधी : स्वतःचे केस, जवळचं पार्लर. केशरचना २,५००, ट्रायल ५००, पाच गजरे ३००, कापडी गजरा २००, भाड्याचं फूल ४००, मुंडावळ्या २५०, स्वतःच्या पिना आणि जाळी १५०. एकूण ४,३००.

दुसरी, हात सैल सोडून : आर्टिस्टची केशरचना ६,०००, संध्याकाळचा बदल १,५००, येण्याजाण्याचे १,०००, गंगावन ८००, मोगऱ्याची जाळी ९००, गुलाब-जिप्सो ३५०, मुलाम्याचा केसांचा सेट १,२००, मुंडावळ्या ४५०. एकूण १२,२००.

दोन्हींत मेकअप नाही. आणि दोन्ही अंबाडे, नीट बांधले तर, सारखेच तास टिकतात.

ठरल्याप्रमाणे काम झालं नाही, पार्लरवाल्या आल्याच नाहीत, आगाऊ रक्कम बुडाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. व्हॉट्सॲपवरचा तो यादीवजा संदेश तेव्हा उपयोगी पडतो. आमच्या साडेआठशेसाठी मी एवढं केलं नाही. आमचाच संदेश दाखवून फोन केला, पिना त्यात पॅकेजमध्ये लिहिलेल्या होत्या, आणि ताईंनी चारशे परत केले. उरलेले स्प्रेचे. तो मी लिहून घ्यायला विसरले होते.

एक गोष्ट कुठल्याच पॅकेजमध्ये नसते, अंबाडा सोडवणं. सासरी पहिल्या रात्री मुलीने एकटीने डोक्यातल्या पिना शोधत बसायचं का? आमच्याकडे पाठवणी दुसऱ्या दिवशी होती, म्हणून रात्री साडेबाराला कार्यालयाच्या खोलीत मी आणि बहीण दोन्ही बाजूंनी बसलो. आधी फूल काढून डबीत, कारण ते भाड्याचं होतं आणि सकाळी अकरापर्यंत परत करायचं होतं. मग गजरे. मग खोबरेल तेल बोटांना लावून एकेक पीन, मुळाकडून टोकाकडे नव्हे तर टोकाकडून मुळाकडे. तांदळाचे दाणे गादीभर पडले. बहीण पिना स्टीलच्या वाटीत टाकत मोजत होती, एकाहत्तर झाल्या. भाची बसल्या बसल्या झोपली होती. सकाळी न्हाताना तिने न्हाणीघरातून हाक मारली, "मावशी, बहात्तर!"